नगरहून दिसणारा उत्तरेचा उजेड

मुरलीधर निमसे सर. माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं त्याच्या मुळाशी हे नाव आहे, म्हणून आधी तेच लिहितो. शेवगावच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. माझे आईवडील दर दिवाळीनंतर कोयते घेऊन उत्तरेकडे ऊसतोडीला जायचे आणि होळीच्या सुमाराला परतायचे. वस्तीवरची पोरं त्यांच्याबरोबर जायची, आणि बहुतेकांची शाळा तिथंच सुटायची. मी पाचवीत असताना बैलगाडी निघायच्या सकाळी सर आमच्या दारात सायकल टेकवून उभे राहिले. वडिलांना म्हणाले, "गाडीत जागा कमी दिसतेय. याला माझ्याकडे राहू द्या."

गाडीत जागा पुष्कळ होती. वडील म्हणाले, "मास्तर, पोरगं खातंय लई."

"खाऊ द्या. उपाशीपोटी भूगोल येत नाही."

ते सात हिवाळे मी सरांच्या घरी काढले. पुढे त्यांच्या संस्थेनं त्यांना नगरच्या शाळेत आणलं, आणि मी नगरच्या कॉलेजात गेलो तेव्हाही माझी वळकटी त्यांच्याच घरात उलगडली. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. त्या कागदावर नाव माझं आहे, एवढंच.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण मोबाईल. परवा, थंडी नुकती सुरू झालेली असताना, नातीला निरोप आला, की आज संध्याकाळी सात ते आठ या वेळात नगरच्या आकाशात उत्तर ध्रुवावरचा रंगीत प्रकाश दिसणार आहे, दहा जणांना पुढे पाठवा. मध्यंतरी लडाखकडे आकाश लाल झाल्याची छायाचित्रं आली होती, त्यावर कुणीतरी हे कलम बांधलेलं. नात म्हणाली, "आबा, खरं असेल?"

"साफ खोटं आहे," मी म्हणालो. मग स्वेटर घातला, कानटोपी घातली आणि गच्चीवर गेलो.

पावणेआठपर्यंत उभा होतो. उत्तरेला कारखान्यांचा पिवळट उजेड, एका मंगल कार्यालयाचा फिरणारा झोत, आणि त्यांच्यावर विटलेलं आकाश. चांदण्या बोटांवर मोजण्याइतक्या. खालून नात ओरडली, "आबा, खोटं आहे म्हणालात ना? मग वर काय करताय?" तिला काय सांगणार! बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वीचा एक हिवाळा दर थंडीत माझ्या कानाशी येतो आणि विचारतो, तू तेव्हा वर का नव्हतास?

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई लागली होती आणि नगर हे लष्कराचं गाव. पहिल्याच संध्याकाळी भोंगा वाजला आणि सगळं शहर एका फुंकरीत विझलं. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवायचे होते. त्यासाठी खळ शिजवताना काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "लढाई सीमेवर, आणि कणीक माझ्या डब्यातली." गल्लीच्या तोंडाशी दौलत पेंटरचं दुकान होतं. एरवी तो पाट्या रंगवायचा; त्या आठवड्यात त्याच्याकडे मोटारी आणि स्कूटरींची रांग लागली, कारण दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करायचा हुकूम होता. त्याच्या मिशीलासुद्धा काळा रंग लागलेला असायचा. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला प्रथमच कुणीतरी अधिकार दिला होता, आणि तो त्यानं मनापासून वापरला. "ए, तिसऱ्या मजल्याची फट! विमानाला पत्ता देतो का रे?" ही त्याची रोजची हाक.

त्या अंधारानं आणखी एक गोष्ट केली. नगरला आकाश दिलं. इतक्या चांदण्या आपल्या डोक्यावर आहेत हे तोवर शहराला ठाऊक नव्हतं. घरोघरची माणसं दारात येऊन वर बघायची, पण ती विमानं शोधायची. विमानं न शोधता वर बघणारा माणूस सगळ्या गल्लीत एकच होता.

सरांना वाचनालयात एक जुनं बाड सापडलं होतं. त्यात लिहिलेलं, की शंभर वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या चार तारखेला, खुद्द मुंबईच्या आकाशात उत्तरप्रकाश दिसला होता आणि तारायंत्रं काही वेळ बिघडून गेली होती. सरांनी ते तीनदा वाचलं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात, आणि ते वाढले की असा प्रकाश दूरवर दिसायची शक्यता वाढते. तशा नऊ फेऱ्या झाल्या की शंभराच्या आसपास येतो. म्हणजे येत्या चार फेब्रुवारीला, किंवा तिच्या आगेमागे, आपल्यालाही आशा धरायला हरकत नाही. हे गणित किती कच्चं आहे ते त्यांनाही कळत होतं. पण मुंबईहून दिसला असेल तर नगरहून का नाही? नगर तर मुंबईपेक्षा बोटभर उत्तरेलाच.

"पण सर, चार फेब्रुवारीला अजून दोन महिने आहेत," मी म्हणालो.

"परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा पुस्तक उघडतोस का? डोळा आधीपासून तयार पाहिजे. नेहमीचं आकाश ओळखीचं झालं, तरच वेगळं काही आलेलं कळेल."

मग दिवेलागणीला, म्हणजे ज्या वेळी त्या दिवसांत दिवे लागत नसत त्या वेळी, ते गच्चीवर जायचे. आमचं घर जुन्या धाब्याचं, वर मातीची सपाट गच्ची. होकायंत्र, नोंदवही, खांद्यावर घोंगडी. अंधाराला सरावलेला डोळा बिघडू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधलेला. नोंद करायची तेवढ्यापुरती बॅटरी लागायची आणि विझायची. काकू जिन्याखालून हाक मारायच्या, "तुमचा उत्तरेचा पाहुणा यायचा तेव्हा येईल, भाकरी गार होतेय!"

सुरुवातीला मीही वर जायचो. मग जाईनासा झालो. अभ्यास होता, थंडी होती, हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. मी आमच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा भीत भीत विचारलं, की नगरहून उत्तरप्रकाश दिसायची शक्यता किती? त्यांनी वर्गाकडे वळून हसत सांगितलं, "नगरहून? अहो, थोडं धुकं पडलं तर नगरहून समोरच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसत नाही!" वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याच्या क्षणी सर माझ्या मनात थोडेसे लहान झाले. कॉलेजात जाऊन मी काय शिकलो, तर हे आधी शिकलो.

आणि शहरात तर संशयाचंच पीक आलं होतं. चहाच्या टपरीवर रोज एक नवा हेर पकडला जायचा. दोनच दिवस दिसून गायब झालेला बोहारीण बाईचा नवरा. स्टेशनजवळ रेडिओ घेऊन बसणारा फकीर. कुणी म्हणायचं, ते लाल दिव्यानं खुणा करतात. मी चहाचा पेला तोंडाशी धरून ऐकत असे, आणि लाल दिवा म्हटलं की पेला खाली ठेवत असे. ज्या माणसानं मला सात हिवाळे जेवू घातलं, त्याच्याविषयी माझ्या मनात येत होतं, की रोज वर जाऊन हे नक्की काय करतात? एकदा ते शाळेत गेलेले असताना मी त्यांची नोंदवही उघडलीसुद्धा. तारीख, वेळ, अंश, बाण, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द: दिसला नाही. दिसला नाही. दिसला नाही. कोण दिसला नाही? मला माहीत होतं कोण ते. तरीही त्या संध्याकाळी मला क्षणभर ते वेगळंच वाचता आलं. संशय असा असतो. अक्षरं तीच राहतात.

सरांनी मला वेगळा संशय शिकवला होता. ते म्हणायचे, "डोळ्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. आधी संशय घ्यायचा, त्याला तोंडावर विचारायचं, मग मानायचं." त्यांचा संशय तोंडावर विचारणारा होता. माझा पाठीमागून वही उघडणारा.

त्याच वर्षी दिवाळीत वडील बाजरीचं पीठ द्यायला यष्टीनं नगरला आले होते. दुसऱ्या दिवशी ते राहुरीच्या बाजूला ऊसतोडीला निघणार होते. ऊस तोडून झाला की फडात वाळलेला पाला राहतो, त्याला पाचट म्हणतात. ते अंधार पडला की पेटवून देतात. वडील उंबऱ्यात बसून, काकूंनी दिलेला चहा बशीत ओतत म्हणाले, "बबन, आमी तितं पाचट पेटवतो ना, तवा तुजी आय एकटक बघत बसती. म्हन्ती, ह्यो उजेड नगरात आपल्या पोराला दिसत आसंल का वो?"

खोलीत माझा एक वर्गमित्र बसला होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं, की आमची बागायत आहे. मी वडिलांना म्हणालो, "इतक्या लांबून काही दिसत नाही. शास्त्राप्रमाणे शक्य नाही."

"व्हय का," वडील म्हणाले आणि बशी संपवली. "तिला सांगतो मग."

लढाईच्या त्या पंधरवड्यातली एक संध्याकाळ. मी खाली चिमणीच्या उजेडात गणितं सोडवत होतो आणि सर जिना उतरून अर्ध्यावर आले. धापा टाकत होते. "बबन, वर ये. लगेच ये."

उत्तरेला, अगदी क्षितिजालगत, लाल आभा होती. शहर विझलेलं होतं म्हणूनच ती दिसत होती. मंद, पसरट, मधेच किंचित वाढणारी आणि पुन्हा बसणारी. सरांनी माझा दंड धरला होता. पन्नाशीचा माणूस, पण आवाज पोरासारखा झालेला. "आला रे! फेब्रुवारीच्या आधीच आला!" मग स्वतःच म्हणाले, "थांब. आधी संशय. तू सांग, काय असेल हे? तुझे डोळे तरुण आहेत."

मला पहिल्या नजरेत कळलं होतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून मी हा रंग पाहिला होता. ब्लॅकआउटचा हुकूम शहराला होता; राहुरीकडचं पाचट कुणाला विचारून पेटत नव्हतं. माझी आई त्या उजेडाच्या काठाशी बसलेली असणार, आणि शास्त्राप्रमाणे जे शक्य नव्हतं ते माझ्या डोळ्यांपुढे होतं.

मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

का म्हणालो? त्यांचा आनंद मोडवेना, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यात थोडं खरंही असेल. पण पाचट म्हटलं असतं तर आईही म्हणावी लागली असती, आणि तो शब्द मी त्या दिवसांत नगरमध्ये कुठेच उच्चारत नव्हतो. सरांनी लाल कागदातून उजेड पाडून लिहिलं: उत्तर, क्षितिजालगत, तांबूस आभा. संशयास्पद. उद्या मोजमाप घेऊन खात्री करणे.

दुसऱ्या दिवशी म्हणूनच ते जास्त वेळ वर राहिले. मोजमाप घ्यायचं म्हणजे बॅटरी पुन्हा पुन्हा लावणं आलं. लागली, विझली. लागली, विझली. खालून शिट्टी ऐकू आली. मग दारावर थापा. दौलत पेंटर, त्याच्यामागे चारपाच माणसं, आणि एक हवालदार. दार मी उघडलं.

"वर कोन हाय?" दौलतनं विचारलं. "उत्तरेला तोंड करून लाल दिवा कोन दाखवतंय?"

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

"तू कोन रे? हितला न्हाई ना तू? आयबाप कुठं असत्यात तुजे?"

हाच प्रश्न मी नगरमध्ये सगळ्यात जास्त टाळत आलो होतो. मागून कुणी म्हणालं, "मास्तर रोज वर जातो. काय करतो वर, विचारा की त्याला."

"काय करतात तुजे मास्तर वर?"

मी त्यांना सगळं सांगू शकलो असतो. सात वर्षं मी त्यांच्या ताटातलं खाल्लं होतं आणि त्यांच्या तोंडून ध्रुवावरच्या आकाशाची वर्णनं ऐकली होती. शेवगावची अख्खी शाळा साक्ष द्यायला आली असती. मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी खाली अभ्यास करत होतो."

तेव्हा सर जिन्याच्या वळणावर उभे होते. हातात नोंदवही, खांद्यावर घोंगडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग हवालदाराला म्हणाले, "चला. मुलाची परीक्षा जवळ आलीय, त्याला इथंच राहू द्या."

चौकीत फौजदारांनी म्हणे वही उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हा कोण दिसत नाही रोज?" सरांनी उत्तरप्रकाश समजावून सांगितला. पूर्ण तासभर, फळ्याशिवाय. फौजदार शेवटी म्हणाले, "मास्तर, तुम्ही हेर असता तर याहून बरं खोटं सांगितलं असतं." सकाळी हेडमास्तर गेले आणि सरांना घेऊन आले. काकूंनी मला ना तेव्हा काही विचारलं, ना नंतर. त्यांनी फक्त चूल पेटवली आणि पाणी तापत ठेवलं.

सुटका झाली, पण हसू उरलं. लढाई संपली, खिडक्यांचे कागद निघाले, तरी शाळेच्या भिंतीवर कुणी खडूनं लिहायचं: दिसला नाही. पोरं वर्गात मागून हळूच म्हणायची, "सर, आज आला का?" जानेवारीत संस्थेनं त्यांना पुणतांब्याला पाठवलं. घरमालकिणीला सांगून मला मात्र त्याच खोलीत ठेवून गेले, परीक्षा होईपर्यंत. रेल्वेच्या डब्यात चढताना हसून म्हणाले, "बरंच झालं. उत्तरेला थोडं जवळ चाललोय."

पुढं वाचनात आलं, की बहात्तरच्याच ऑगस्टात सूर्यावर फार मोठं वादळ झालं होतं. सरांचं कच्चं गणित सहाच महिन्यांनी चुकलं होतं. पण म्हणून नगरहून काही दिसलं असतं असं नाही. त्या ऑगस्टात पाऊस नव्हता, आकाश कोरडं ठणठणीत होतं, सगळा जिल्हा वर बघत होता, आणि कुणाला काही दिसलं नाही. शक्यता फार थोडी. शून्य मात्र म्हणवत नाही. लोक मला अजून विचारतात, तुम्ही इतके संशयी कसे? वर्तमानपत्रावर, बुवांवर, मोबाईलवरच्या निरोपांवर तुमचा विश्वास कसा नाही? मी म्हणतो, मला निमसे सरांनी शिकवलं. त्यांनी शिकवलेला संशय शिकायला मला माझ्या संशयातून जावं लागलं, हे सांगत नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्यानं ती नोंदवही मला आणून दिली. पकडून नेलं त्या तारखेपुढे सरांच्या वळणदार अक्षरात आहे: आकाश स्वच्छ. निरीक्षण अपुरे. आदल्या दिवशीची ओळ, तांबूस आभेची, एका सरळ रेघेनं खोडलेली आहे आणि शेजारी वेगळ्या शाईत लिहिलं आहे: पाचट. निरीक्षक, बबन. त्याच पानात मी त्यांना पुणतांब्याला पाठवलेलं पत्र घडी करून ठेवलेलं होतं. त्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. एप्रिलात परीक्षेच्या पहिल्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी सरच उभे होते, हातात काकूंनी दिलेला डबा. एवढंच म्हणाले होते, "नोंद दुरुस्त केली." पत्र असं आहे:

नगर,
५ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप सरांना बबनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण व काकू खुशाल असाल. काल चार तारीख होती. आपण नाही म्हणून मी वर गेलो. दिवस मावळल्यापासून आठ वाजेपर्यंत होतो. बॅटरी नेली नव्हती. दौलत पेंटरनं खालून विचारलं, वर कोण? मी सांगितलं, मी बबन, निमसे सरांचा विद्यार्थी, उत्तरप्रकाश बघतोय. तो म्हणाला, दिसला तर हाक मार.

निरीक्षण पुढीलप्रमाणे. आकाश स्वच्छ. वारा उत्तरेचा, थंडी पुष्कळ. उत्तरप्रकाश दिसला नाही.

क्षितिजालगत तांबूस आभा मात्र होती, डिसेंबरात आपण दाखवलीत तशीच, त्याच जागी. सर, ते पाचट आहे. राहुरीकडच्या फडातलं. मला ते त्या संध्याकाळीही माहीत होतं. आपण विचारलंत आणि मी माहीत नाही म्हणालो. म्हणून आपण दुसऱ्या दिवशी मोजमापाला वर गेलात. त्या दिवशी दारातही मी माहीत नाही म्हणालो. तेही मला माहीत होतं. आपण जिन्यात होतात, आपण ऐकलंत. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. पहिल्या वेळी कदाचित आपल्यासाठी, दुसऱ्या वेळी फक्त माझ्यासाठी.

आपली वहीतली नोंद चुकीची राहू नये, म्हणून हे लिहीत आहे. कृपया ती खोडावी.

आणखी एक. आईनं वडिलांजवळ विचारलं होतं, की फडातला उजेड नगरहून दिसतो का. मी नाही म्हणून सांगितलं होतं. तेही चूक होतं. मी आजच तिकडे जाणाऱ्या माणसाजवळ निरोप दिला आहे, की दिसतो. काल तासभर दिसत होता.

आपला,
बबन